नकाशा धुरपताअक्कांचा

धुरपताअक्का,

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या सुजातानं मला बोलायला उभं केलं. "तलाठी मामा, तुमी आईला लई वर्षांपासून वळखता. दोन शब्द बोला." मी माईक हातात घेतला आणि तुम्ही कष्टाळू होतात, स्वाभिमानी होतात, असं काहीबाही बोललो. माणसं माना हलवत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "साहेबांनी नकाशा केला म्हून तर आपली चिबडाची रानं कागदावर आली." त्यावरही माना हलल्या. ते खोडून काढायला मी तोंड उघडलं, आणि "जयभीम" म्हणून खाली बसलो.

तुम्ही असतात तर पदर तोंडाला लावून हसला असतात.

म्हणून हे लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कागदावर तुमच्याशी लबाडी करणं मला फार सोपं गेलं. आता तुम्ही नाहीत, मी पंचाहत्तरीला टेकलोय, आणि तो नकाशा मी केला नव्हता हे सांगणारं तुमच्या पिढीत फारसं कोणी उरलेलं नाही. निदान असं मला वाटत होतं. ते पुढे येईलच.

आपली पहिली भेट आठवते का? मी नवा तलाठी, तीन गावांचा सजा, बिऱ्हाड शिरड शहापूरला. गरिबांच्या यादीचं सर्वेक्षण आलं होतं. दारोदार जायचं, घर कसं आहे, चुलीवर काय आहे ते बघायचं आणि शेरा लिहायचा. तुमच्या दारात आलो तेव्हा दुपार होती. चुलीवर मोठं भगुनं रटरटत होतं आणि नव्या तांदळाचा वास गल्लीभर पसरला होता. आपल्या भागात भात म्हणजे पाहुणा आला तर, लग्न असलं तर. रोज खायची ती ज्वारीची भाकर. मी भगुन्यात डोकावलो आणि लिहिलं, "रोजच्या आहारात भात. सुस्थितीत."

"काय लिवलं, साहेब?"

"भात शिजतोय तुमच्याकडे."

"मंग?"

"म्हणजे बरं चाललंय."

तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की शेजारच्या पंचफुलाबाई पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "पंचफुले, आगं ये, ये! साहेब म्हणतेत आपून मालदार हाव. भात खाऊन राहिलो म्हून!"

पंचफुलाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बराबर हाये. मंग पाटलाच्या घरी भाकर खातेत, त्येला भिकारी लिवा."

मला राग आला. सरकारी माणसाची थट्टा चालली आहे असं वाटलं. मी म्हणालो, या गावात साळ पिकतच नाही, तुम्ही तांदूळ विकत आणत असणार. माझ्या पेरेपत्रकात लिहिलेलं होतं, साळ : निरंक.

"निरंक म्हंजी?"

"म्हणजे काही नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही."

"मंग ह्या भगुन्यात काय हाये, साहेब?"

एवढं म्हणून तुम्ही ताट वाढलंत. भात, आंबाडीची भाजी, वर कच्चं तेल. मी दोनदा वाढून घेतला. हात धुतले, दप्तर उचललं आणि शेरा तसाच ठेवून पुढच्या दारी गेलो. तुमच्या गल्लीतल्या सातही घरांत त्या दिवशी भात शिजत होता. सातही घरं मी यादीतून काढली.

मला त्या भाताचं कारण माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला फक्त नाला ओलांडायचा होता. पाझर तलावाच्या खाली पाणी झिरपून झिरपून जे रान कायम ओलं राहतं, ज्याला चिबड म्हणतात, तेच तुम्हा सात घरांना गायरानातून मिळालेलं. तिथं सोयाबीन पिवळं पडतं, कापूस कुजतो, हळदीचे गड्डे सडतात. म्हणून तर ते तुम्हाला मिळालं. तुमच्या सासूनं कुठूनसं साळीचं बी आणलं आणि त्या चिखलात लावलं. ज्या जमिनीत दुसरं काही येत नव्हतं, तिथं साळ आली. दफ्तरात मात्र ती जागा पोटखराबा, म्हणजे पिकाला नालायक. माझ्या आधीच्या तलाठ्यानं तसं लिहिलेलं, मी दर वर्षी उतरवून घेतलेलं. पीकपाहणी करायची ती बांधावर जाऊन. मी चावडीत बसून करायचो, कारण चिबडात बूट रुततात.

तीन वर्षं असं चाललं. मग मुक्ता आली.

मुक्ता अभ्यासासाठी गावोगाव फिरून नकाशे करायची. तळ्यांच्या खाली कुठं कुठं साळ होते आणि ती पिकवणारी माणसं कशी जगतात, हे तिला नकाशावरून समजून घ्यायचं होतं. तिनं शाळेच्या ओसरीवर आभाळातून काढलेलं गावाचं भलंमोठं चित्र पसरलं. अर्धं गाव बघायला आलं. तुम्ही बायका खांबाशी उभ्या होतात.

"साहेब, तलावाखाली हे काय आहे?" तिनं मला विचारलं.

"पोटखराबा."

"पण श्रावणापासून दिवाळीपर्यंतच्या सगळ्या चित्रांत इथं हिरवं दिसतंय."

"गवत असेल."

"गवतच हाये, पोरी," खांबाकडून तुमचा आवाज आला. "आमी दर साली त्ये कापतो, झोडपतो, भरडतो आन् खातो. साहेबांनी बी खाल्लंय. दोनदा वाढून घेतलं."

ओसरी हसली. मुक्ताही हसली, आणि तिनं तिचं चित्र गुंडाळून ठेवलं. रांगोळीचा डबा तुमच्या हातात देऊन ती म्हणाली, "मावशी, तुम्हीच काढा गाव."

त्या सकाळबद्दल मला खूप लिहायचं आहे, कारण माझ्या सगळ्या नोकरीत तेवढी मजेची सकाळ दुसरी आली नाही. गावाचा नकाशा काढायला बसलेला माणूस आधी देऊळ काढतो, नाहीतर चावडी. तुम्ही आधी तुमचं दार काढलंत. तिथून चिबडाची वाट काढलीत. नाला, पलीकडचा चढ, सात पट्ट्या. मग पाटलाचं शेत. मग तुम्ही हुकूम सोडायला लागलात. पंचफुलाबाईंनी हळद आणून हळदीच्या रानांवर टाकली. कोणी सरकीसकट कापूस आणला, कोणी सोयाबीन. तुम्ही स्वतः जाऊन ओंजळभर लोंब्या खुडून आणल्यात आणि माझ्या निरंकवर हारीनं मांडल्यात.

मुक्तानं विचारलं, घरचा दाणा कुणाला किती महिने पुरतो? तुम्ही ज्वारीचे दाणे घेतलेत आणि एकेका घरापुढे ठेवत गेलात. तुमच्या सात घरांपुढे चार-चार, पाच-पाच. ज्या स्लॅबच्या दोन घरांना मी डोळे झाकून सुस्थितीत लिहिलं होतं, त्यांच्यापुढे एक-एक, कारण त्यांची शेतं भावकीच्या भांडणात पडीक होती. गावाच्या टोकाला रोजानं जाणाऱ्यांची ओळ होती, तिथं तुम्ही काहीच ठेवलं नाही. तिथल्या एक आजी म्हणाल्या, "आगं, येक तरी ठिव, कोंबडीला." तुम्ही ठेवलात, आणि ओसरीवरची खरी कोंबडी येऊन तो टिपून गेली. आजी म्हणाल्या, "बघ, नकाशा खरा हाये!"

मी माझी यादी काढून बघत होतो. या ओसरीवरच्या गावाशी तिचं जवळजवळ काहीच जुळत नव्हतं. हरलेला माणूस चूक शोधतो, तशी मी एक शोधली.

"अक्का, चिबड गावापासून पाऊण मैलावर आहे. तुम्ही ते पार औंढ्याच्या डोंगराला नेऊन टेकवलंय. वाट केवढी लांब काढलीय!"

"साहेब, तुमी रिकाम्या हातानं जाऊन राहिले का?"

"म्हणजे?"

"डोक्यावर भारा घ्या. नाल्यात गुडघ्याएवढं पानी, खाली घसरन. मंग मोजा."

"नकाशा साखळीनं मोजतात, अक्का."

"तुमच्या साखळीला गुडघे हायेत का?"

हा वाद आपण कधी मिटवला नाही. मी अजूनही म्हणतो की नकाशा मापातच हवा, नाहीतर उद्या जो तो आपली वाट लांब काढील. तुम्ही म्हणाल, काढू द्या की. या जागी दर वेळी तुम्ही मान उडवायचात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला चिबडात घेऊन गेलात. नाल्यात माझा डावा बूट रुतला तो रुतलाच. उजवा हातात घेऊन मी वर चढलो, आणि समोर साळ. कापणीला आलेली, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेली, सात पट्ट्यांची सोन्यासारखी साळ. मराठवाड्यात वाढलेला माणूस मी, उभं भातशेत एवढ्या जवळून त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, तेही माझ्याच सज्यात. तुम्ही सगळ्यांना ओरडून सांगितलंत, "आगं, साहेबाला निरंक दाखवा गं! हात लावू द्या, खोटं वाटंल त्येला!" मी खरंच हात लावला.

इथपर्यंतचं सांगायला मला आवडतं. इथपर्यंतचं मी नातवंडांनाही सांगत आलो आहे. पुढचं सांगितलं नव्हतं.

तुम्ही रांगोळी काढत होतात तेव्हा मी पायरीवर बसून, तुम्ही सांगाल तसं, पेन्सिलीनं एका पातळ कागदावर उतरवून घेतलं होतं. मुक्ता जाताना म्हणाली की तालुक्याच्या कचेरीत द्यायला याची शाईनं एक नीट प्रत करा. मी केली. माप लावून केली. तुमची लांबलचक वाट साखळीत बसवायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की ती दफ्तरात कुठं नाहीच. ना गाडीवाट, ना पायवाट. जे दफ्तरात नाही ते नकाशात कसं दाखवायचं? मी ती गाळली. खाली 'नकाशा तयार करणार' अशी ओळ होती. तिथं माझा हात थबकला, हे लिहायला हवं. थबकला, आणि मी माझं नाव लिहिलं.

नकाशा कामाला आला. पोटखराब्याच्या जागी साळ लागली. सात घरं यादीत परत आली. हिंगोलीला एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. तुम्ही बायका जीप करून आला होतात, तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यात जास्त टाळ्या तुम्हीच वाजवल्यात. परतताना जीपमध्ये तुम्ही त्या शालीचं सूत बोटांनी चाचपलंत आणि म्हणालात, "शाल चांगली हाये, भाऊ. ऊब लागती का?"

त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी साहेब न राहता भाऊ झालो आणि तुम्ही मला अरेतुरे करायला लागलात. मला वाटलं, माया. माया होतीच. पण ज्या माणसाचं काही आपल्याला ठाऊक झालेलं असतं, त्याला साहेब म्हणणं जड जातं, हेही असणार.

दोन वर्षांनी नाल्यावर नळकांडी पूल मंजूर झाला. जागा ठरवायला आलेल्या साहेबांनी नाल्याच्या काठावर माझाच नकाशा उघडला. तुम्ही म्हणालात, "साहेब, आमची वाट हितून हाये, हितं करा." त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. "बाई, इथं वाट दाखवलेलीच नाही. गाडीवाट वर आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तलाठी, बरोबर ना?"

अक्का, तुम्हीही माझ्याकडे पाहिलंत. वाट आहे, मीच गाळली, एवढंच म्हणायचं होतं. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता की मग हा नकाशा कुणाचा, आणि शाल घरी पेटीत होती. मी म्हणालो, "दफ्तराप्रमाणे बरोबर आहे, साहेब."

पूल वर, पाटलाच्या शेताजवळ झाला. तुम्ही नाल्यातूनच जात राहिलात. पुढच्या साली माझी बदली झाली. गावाकडून कोणी भेटलं की तुमचा निरोप ठरलेला असायचा : "भावाला सांगा, पान्यातून चालून राहिले, बरी हाये." लोक हसत हसत सांगायचे. मीही हसायचो.

मी निवृत्त झाल्यावर एकदा धीर केला. नरसी नामदेवला तुम्ही दर्शनाला आलेल्या पाहुण्यांबरोबर आला होतात आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात भजी खात बसला होतात. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं की नकाशा तुमचा होता, नाव मी लावलं.

"ठाव हाये मला," तुम्ही म्हणालात.

"कधीपासून?"

"शाल घेतलीस तवापासून. माज्या नावाची शाल तुज्या अंगावर काहून आसंल?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? तुजं नाव व्हतं म्हून त्यो कागद टेबलावर गेला. माजं आसतं तं चुलीत गेला आसता." एक भजं तोंडात टाकून तुम्ही थांबलात. "नावाची मला तकलीफ न्हाई, भाऊ. पर वाट काहून गाळलीस?"

"ती रेकॉर्डला नव्हती, अक्का."

"मी तरी कुटं व्हते?"

एवढं बोलून तुम्ही हॉटेलवाल्याला हाक मारलीत, "आजून येक पलेट आन रे, हा भाऊ खाऊ घालून राहिला!" आणि मग नातवाच्या गमती सांगत बसलात. त्या दिवशी तुम्ही मला रागवायला हवं होतं. तुम्ही भजी खाल्लीत. हे तुमचं मला कधी कळलं नाही, आणि यासाठी मी तुमचा जन्मभराचा ऋणी आहे.

पण मी काय केलं, तेही सांगतो. तुमच्या बोलण्यातलं पहिलं अर्धं मी उचललं. माझ्या नावामुळं काम झालं, अक्काच म्हणाल्या! एवढ्यावर मी इतकी वर्षं झोपलो. ते पहिल्या दिवसापुरतं खरं होतं. कागद टेबलावर गेला, साळ लागली, त्याच्या दुसऱ्या दिवशीच मी नाव खोडायला हवं होतं. आणि वाटेचा प्रश्न तर मी ऐकलाच नाही असं केलं.

पुण्यानुमोदनाहून घरी आलो आणि पेटी उघडली. शालीच्या घडीखाली तो पेन्सिलीचा पातळ कागद होता. पिवळा पडलाय, पण तुमची वाट त्यावर आहे, आडवीतिडवी, अर्ध्या कागदाएवढी लांब. मी सुजाताला फोन करून ग्रामसभा कधी आहे ते विचारलं.

ती काल झाली. मी उभा राहिलो. या वेळी माईक घेतला नाही. भिंतीवरच्या चौकटीतला माझा नकाशा दाखवला आणि सांगितलं की हा माझा नाही, अक्कांचा आहे. वाट मी गाळली. पूल चुकीच्या जागी झाला तो माझ्यामुळं. मग पातळ कागद टेबलावर ठेवला. ही वाट दफ्तरी घ्या, आणि नाल्यावर इथं पार जायची सोय मागा, असा अर्जही दिला. मला वाटलं, आता कोणीतरी बोलेल ते मला आयुष्यभर पुरेल.

ठराव झाला. हात वर झाले, सगळ्यात आधी बायकांचे. सोय होईल तेव्हा होईल, पण वाट लिहिली गेली. मग ग्रामसेवकानं विचारलं, "कागदावर नकाशा करणाऱ्याचं नाव काय लिहू?"

मी घसा साफ केला. "धुरपताबाई..."

"थांब रं!" पंचफुलाबाई. आता काठी टेकत चालतात, आवाज मात्र तोच. "तिनं येकटीनं केला का? हळद कुनी टाकली? माज्या डब्यातली व्हती, वर्साची!"

"आन् कापूस?" मागून दुसऱ्या म्हणाल्या.

"येकटीनं केला म्हनलं तं धुरपताच उठून भांडंल!"

अक्का, मी तुमचा हक्क तुम्हाला द्यायला गेलो होतो, आणि त्यातही एकाच नावावर थांबून पुन्हा अर्धंच दफ्तर उतरवलं. सुजाता हसत हसत एकेक नाव सांगायला लागली. तुमचं पहिलं. सात झाली. ग्रामसेवक म्हणाला, "आजी, ओळ एकच आहे."

"मंग मागल्या अंगाला लिवा."

कागद उलटा केला. माझं काम झालं असं समजून मी मागं सरकलो, तर पंचफुलाबाईंनी काठीनं माझा सदरा अडवला.

"आन् ह्या भावाचं बी लिवा."

"नको, पंचफुलाबाई. माझं आता नको."

"तुजं चांगल्यासाठी न्हाई लिवून राहिले! लिवा हो बाबू, वाट गाळनारा, आन् त्याच्यापुढं ह्येचं नाव."

सगळी ग्रामसभा हसली. सुजाता तर डोळे पुसत हसत होती. ग्रामसेवकानं पेन उचलून धरलं आणि बिचारा माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "असंच लिहायचं, साहेब?"

"असंच लिहा," मी म्हणालो, "आणि खाली सहीला जागा ठेवा."